टेकडीपलीकडची पाळी

३ मार्च
मान डोलावली आणि साहेबांच्या खोलीतून बाहेर आलो. झालं.

मोबाइलचा टॉवर सेकंदाला हजार वेळा ठरवतो, आता पाळी कुणाच्या फोनची. तो नियम मी लिहितो. जवळच्या फोनला पाळी दिली की भरपूर काम होतं. लांबचा फोन पाळ्या खातो आणि हाती चिमूटभर लागतं. साहेब म्हणाले, "सरासरी वेग वाढला पाहिजे. टेकडीपलीकडची चाळीस घरं सगळ्यांना मागं ओढतायत. त्यांच्या पाळ्या कापा."

त्यातलं एक आत्याचं. मी वाढलो ते घर.

७ मार्च
सरासरी तीस टक्के वर! पाठ थोपटून घेतली. टेकडीपलीकडून तक्रार एकही नाही.

जेवताना लक्षात आलं — तक्रार ॲपवरच करायची असते. तिथे आता ॲपच उघडत नाही.

८ मार्च
आत्याच्या डॉक्टरांचा फोन. तिच्या छातीला लावायचं यंत्र आहे. फोन अर्धा तास शेजारी ठेवला की ठोक्यांची नोंद दवाखान्यात जाते. पाच दिवस काहीच आलेलं नाही. "यंत्र लावत नाहीत वाटतं त्या." मी म्हणालो, हो, हट्टी आहे जरा. जीभ कशी रेटली माझी!

९ मार्च
नियम मागं घ्यायला हवा होता. धीर झाला नाही. आत्याचा नंबर तेवढा खास यादीत घातला — पहिली पाळी तिची. ही यादी चाचणीच्या फोनांसाठी असते, कुणी बघत नाही.

वशिला लावला, दुसरं काय.

१० मार्च
नोंद पोचली. व्हिडिओ कॉलवर आत्या खूश. "ठोंब्या, आज तोंड नीट दिसलं तुझं. वाळलायस."

उरलेल्या एकोणचाळीस घरांचा विचार करायचा नाही असं ठरवलं. दिवसभर तोच केला.

१५ मार्च
आत्या म्हणते, वस्तीत फक्त तिचाच फोन चालतो, म्हणून दारात रांग असते. ती घड्याळ घेऊन बसते. "प्रत्येकाला दहा मिनिटं. दुखणंबिखणं असेल तो आधी. मग मास्तरांच्या मुलीचा अभ्यास. गप्पा मारणारे नंतर."

"भांडत नाहीत?"

"कशाला भांडतील? आपली पाळी येणार हे माहीत असतं ना."

आठ वर्षं मी हाच नियम शोधतोय. हसू आलं, मग लाज वाटली. तिची स्वतःची पाळी कधी, ते विचारायचं राहिलं.

१९ मार्च
दवाखान्यातून शेजारणीचा फोन. आत्या रांगेपाशीच कोसळली. अजून शुद्ध नाही. "त्या म्हणायच्या, घरच्या माणसानं शेवटी. तोवर फोनची बॅटरी संपलेली असायची."

चार दिवस नोंद नव्हती. डॉक्टर म्हणाले, असती तर परवाच बोलावून घेतलं असतं.

मी चाळीस घरांची पाळी काढून घेतली. तिनं आपली देऊन टाकली. फार भीती वाटतेय.

२० मार्च
शुद्धीवर आली. पहिलं वाक्य — "फोन कुणाकडे दिलायस? मास्तरांच्या मुलीची आज परीक्षा आहे."

तिच्या खाटेशेजारी बसूनच जुना नियम परत लावला, चाळीसही घरांना. मग तिचा नंबर यादीतून काढला. काय केलं आणि का, ते साहेबांना लिहून पाठवलं. उत्तर नाही. सरासरी घसरतेय.

दुपारी टेकडीपलीकडून पहिली तक्रार आली — नेट फार हळू चालतं.