डाव्या कप्प्यातली पिशवी

४ फेब्रुवारी

हृदयाची झडप बदलायची, त्याला मी तयार होते. पण सर्जनचं आज नवीनच! "छाती उघडतोच आहोत, तर डाव्या कप्प्याला लागून असलेली छोटी पिशवीही कापून बंद करून टाकू. तुमचे ठोके बेताल पडतात. रक्त तिथे साकळतं, गुठळी होते. ती मेंदूत गेली तर—"

"तर?"

"एखादी बाजू लुळी पडेल. नाहीतर वाचा जाईल."

वाचा! माझी!

भ्यायले, म्हणून भांडले. रक्त पातळ करायची गोळी घेतेय ना? मग गुन्ह्याआधीच फाशी कशाला? "गोळी हवीच. ही दुसरी राखण," ते म्हणाले. मी बोलत राहिले. शेवटी त्यांनी हात जोडले — "जिंकलात बाई!"

५ फेब्रुवारी

नवरा म्हणतो, "डॉक्टरला गप्प केलंस. गुठळीला भाषण कळतं होय?"

९ फेब्रुवारी

कारखान्याच्या फाटकावर सभा. भट्टीजवळ काम करणाऱ्यांना प्यायला पाणी नाही! सगळे तापलेले, मीही. "आपली मागणी एकच—" आणि शब्द गेला. पाणी, एवढा साधा शब्द! डोळ्यांपुढे ग्लास दिसत होता, नाव येईना. जीभ तोंडात लाकडासारखी.

लोकांना वाटलं, मुद्दाम थांबलेय. टाळ्या!

मग आला शब्द. भाषण उरकून उतरले. एक कार्यकर्ता म्हणाला, "काय थांबलात ताई! अंगावर काटा आला."

माझ्याही. पण बोलले नाही कुणाला.

१० फेब्रुवारी

उठल्या उठल्या पुटपुटत बसले — पाणी, खिडकी, चप्पल, पाणी. नवरा: "तोफ साफ करणं चाललंय वाटतं?" रडूच फुटलं. सगळं सांगितलं. तो हसला नाही. शर्ट उलटा घातला, तसाच मला घेऊन निघाला.

सर्जन म्हणाले, "हा मेंदूचा झटकाच होता. छोटा, म्हणून सुटलात. काल का नाही आलात?"

टाळ्या पडल्या होत्या, हे कोणत्या तोंडाने सांगू? पिशवी बंद करायच्या कागदावर सही केली. एकही मुद्दा मांडला नाही.

१७ फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन. भाषण येत नाही. फक्त भीती.

२१ फेब्रुवारी

घशातली नळी काल काढली. घसा सोललाय. पहिला शब्द — पाणी. नवरा लहान मुलासारखा रडला, वेडा!

२४ फेब्रुवारी

सर्जन आले. पिशवी कापली तेव्हा आत गुठळी होती म्हणे, वाटाण्याएवढी. एक कड तुटलेली.

तो तुकडा कधी सुटला, मला ठाऊक आहे. लोक टाळ्या वाजवत होते.