पडलेल्यांचे फोटो

४ नोव्हेंबर
अप्पांची डिस्क आज माझ्या कॉम्प्युटरला लावली. वडिलांनी डिजिटल कॅमेरा घेतल्यापासून टिपलेली कुस्तीची सगळी मैदानं तीत आहेत. कार्ड भरलं की नवा फोल्डर. कार्ड १, कार्ड २. याहून वेगळी व्यवस्था नाही. तालमीच्या नव्या हॉलच्या भिंतीसाठी वस्तादांना फोटो हवेत आणि अप्पांना आता निवडता येत नाहीत. नजरेच्या मधोमध धूर. कडा तेवढ्या शाबूत. ज्याच्याकडे बघतील तोच दिसत नाही.
दुसरी प्रत कुठे आहे, विचारलं.
"दोन जागी ठिवलं की दोन जागी हारवतंय."

५ नोव्हेंबर
आधी सगळे फोटो एका ठिकाणी आणायचे, मग तारखेवार लावायचे. टर्मिनलमध्ये एक ओळ लिहिली. एकेक फोल्डर घे, त्यातले फोटो mv ने उचल, 'सगळे' नावाच्या फोल्डरमध्ये टाक. अप्पा मागे खुर्चीत. काळ्या खिडकीत एवढंच लिहितीस का, म्हणाले. त्यांच्या फिल्मच्या काळात एका लग्नाचे फोटो धुऊन छापायला आठवडा जायचा.
चहा होईपर्यंत काम संपलं. काही संदेश आला नाही. इथे मशीन गप्प राहिलं की सगळं नीट झालं, असं समजतात.

६ नोव्हेंबर
'सगळे' मोजले. काल सुरुवातीला मोजले होते त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत.
कारण कळायला वेळ लागला नाही. कॅमेरा फोटोंना क्रमांक देतो, आणि चार आकडे संपले की पुन्हा एकपासून. म्हणजे वेगवेगळ्या वर्षांतल्या फोटोंची नावं तीच. mv ने नंतरचा आधीच्यावर ठेवला, आधीचा गेला. विचारलं नाही, कारण विचार असं मी सांगितलं नव्हतं. त्यासाठी एक अक्षर पुरतं. वर्गात मुलांना शब्द न् शब्द वाचा म्हणून सांगते.
पहिल्या वर्षांची मैदानं बहुतेक गेली.
डिस्क काढून कपाटात. तिच्यावर आता काहीही लिहायचं नाही. अप्पांना सांगितलं नाही.

७ नोव्हेंबर
सांगितलं. ते दाढी करत होते, आरशाशिवाय करतात.
"गेली म्हंजे कुठं गेली?"
डिस्कवरच असतील, फक्त नाव पुसलं गेलंय, म्हटलं.
"मग हाक कशी मारणार?"
उरलेली दाढी केली. जेवताना भात घेतला नाही. संध्याकाळी तालमीतही गेले नाहीत.

९ नोव्हेंबर
राजारामपुरीतून मोठी डिस्क आणली. हरवलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम जुनी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, फोटोसारखं दिसेल ते उचलतो, नव्या डिस्कवर ठेवतो. नाव येत नाही, नुसता आकडा. पण फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आतच असते. ती वाचून वर्षावार लावणारी स्क्रिप्ट लिहिली. या खेपेला हलवत नाही, नक्कल करते. आधी दहाच फोटोंवर चालवून पाहिली.
अप्पा : "एका वळीत घालवलंस. आता किती वळी?"
बत्तीस, म्हटलं.

१२ नोव्हेंबर
येताहेत. काहींचा खालचा भाग करडा, पट्टी ओढल्यासारखा. काही नुसतेच रंग. पण बरेच पूर्ण आहेत. पहिल्या वर्षांतलं वारणेकडचं एक मैदान जवळजवळ सगळं मिळालं. अप्पांना स्क्रीनजवळ बसवलं. मान वळवून, डोळ्याच्या कडेनं बघतात. तोंड दिसत नाही, पण उभं राहण्यावरून माणूस ओळखतात. सात-आठ नावं घडाघडा सांगितली. भात मागून घेतला.

१३ नोव्हेंबर
एक गोष्ट लक्षात यायला हवी होती, आली नाही.
अप्पांचा नियम लहानपणापासून माहीत आहे. जिंकलेल्याचा फोटो छापायचा, पडलेल्याचा ठेवायचा नाही. पाठ मातीला लागली, लोकांनी बघितलं, तेवढं पुरे. त्याला परत आपल्या गावात जायचं असतं. कॅमेऱ्यात दोघेही यायचे, पण डिस्कवर उतरवले की त्याच संध्याकाळी अप्पा पडलेले पुसून टाकायचे.
प्रोग्रॅमला मी पुसलेलं आणि अप्पांनी पुसलेलं यांतला फरक कळत नाही. पडलेलेही परत आले आहेत.

१४ नोव्हेंबर
पडलेले वेगळ्या फोल्डरमध्ये काढते आहे. हे स्क्रिप्टला जमणारं नाही, एकेक बघावा लागतो. पापण्यांवर माती. एकाची नजर आभाळाकडे, दुसऱ्याची समोरच्या गर्दीत कुणाला तरी शोधणारी. अप्पांनी ठेवलेल्या फोटोंत फेटे आहेत, उचललेले हात आहेत. अप्पांचे सर्वांत चांगले फोटो हे आहेत. असं लिहायला नको, पण आहेत.
पुसण्यासाठी rm -r लिहिलं, फोल्डरचं नाव लिहिलं. एंटर दाबलं नाही. ओळ खोडली.
अप्पांना यातलं काही दिसत नाही. मी गप्प राहिले तर त्यांना कळणार नाही. पुसले काय, ठेवले काय.

१६ नोव्हेंबर
दुपारी वस्ताद आले. गडहिंग्लजकडचे, पोरवयात इथल्या तालमीत आले ते इथलेच झाले. अप्पा कॉटवर, वस्ताद माझ्याशेजारी. मी वर्षांचे फोल्डर उघडत होते, त्यांत नको तो उघडला. पहिलाच फोटो वस्तादांचा. पंचविशीतले, उताणे, तोंड उघडं. एका हातानं वरच्याचं मनगट अजून धरलेलं.
बंद करायला गेले तर त्यांनी हात आडवा धरला. बराच वेळ बघत राहिले.
अप्पांनी विचारलं, "काय रं, गप का झालास?"
"काय न्हाई अप्पा. धुरळाच हाय नुसता."
जिन्यात मला म्हणाले, "त्या दिवशीचा माझा दुसरा फोटू कुणाकडं न्हाई, ताई. त्यो पुसू नका. भिंतीला नको. पर पुसू नका."

१७ नोव्हेंबर
कॉलेज. पेपर तपासले. डिस्क लावली नाही.

१९ नोव्हेंबर
सकाळी अप्पा आपणहून खुर्ची ओढून बसले.
"मी पुसल्यालंबी आलं असंल की परत."
हो, म्हटलं.
"आनि त्यो वस्ताद धुरळा बघत बसला व्हता."
पुसायचे असतील तर आत्ता पुसते, एक ओळ आहे, म्हटलं. तुमचा नियम आहे.
"थांब. मी ती कवा नीट बघितलीच न्हाईत. घाईनं पुसायचो. एक उघड, आनि काय दिसतंय ते सांग."
पहिला उघडला. सांगितलं. निळा लंगोट, डावा खांदा मातीत, उजवा गुडघा वर, कान फुटलेला. अप्पांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, घिश्शाच्या डावावर पडला म्हणाले. आई मैदानाबाहेर बैलगाडीत बसली होती त्याची.
"डोळं?"
उघडे आहेत, म्हटलं.
"कुणाकडं बघतोय?"
कॅमेऱ्याकडे. म्हणजे तुमच्याकडे.
बाहेर भाजीवाला ओरडत होता. अप्पांनी मान वळवून स्क्रीन डोळ्याच्या कडेला घेतली.
"पुढचा सांग," म्हणाले.