येरमाळा टर्मिनस

रविवार, ३ फेब्रुवारी १९६३
डायरी बार्शीहून आणली. इंग्रजी आहे. तिथ्या, मुहूर्त, राशी यांतलं काही नाही, नुसत्या तारखा. आजपासून आयुष्य तारखेनं चालवणार.
निश्चय तीन. पहाटे पाचला उठणे. राग आवरणे. चारुशीलेचं नक्की करणे.
कॉलेजबद्दल एकदाच लिहितो, पुन्हा तो विषय नाही. औरंगाबादला इंटर सायन्सच्या वर्गात प्राध्यापकांनी माझी बेडकाची आकृती सगळ्यांना दाखवली आणि हे वांगं कुणी काढलं म्हणून विचारलं. मी जर्नल खिडकीबाहेर फेकलं. खाली प्राचार्य टांग्यातून उतरत होते. कॉलेज मी सोडलं. वडील, म्हणजे तात्या, म्हणतात काढलं. तात्या तिथं नव्हते.

सोमवार, ४ फेब्रुवारी
उठायला साडेआठ झाले. पहिला दिवस धरायचा नसतो.
पोस्टात जाऊन एक तिकीट घेतलं. पोस्ट म्हणजे नारायणराव पोस्टमास्तरांच्या घराची पुढची खोली. मधे पडदा. पडद्याखाली त्यांच्या धाकट्या चारुशीलेचे पाय दिसले. तीन वर्षं बघतोय, ओळखायला चुकणार नाही.
नारायणराव तात्यांना सांगत होते की मुलीचं यंदाच उरकायचं, आणि ती रेल्वेच्या गावीच द्यायची. थोरली नीला आडगावी दिली होती. गेल्या पावसाळ्यात तिला दवाखान्यात न्यायला बैलगाडी, मग चिखल, मग पुन्हा बैलगाडी, असे दोन दिवस लागले. नीला वाचली, बाळ गेलं. तेव्हापासून त्यांनी टपालाच्या पेटीवर रेल्वेचा नकाशा लावलाय. लाल रेघेवर नसलेल्या गावाचं स्थळ ते वाचतसुद्धा नाहीत.
येडशी लाल रेघेवर आहे. आमचं येरमाळा नाही. मधे बारा मैल.
बारा मैलांसाठी माणसाचं आयुष्य अडावं, याचा फार राग आला. आवरला. चहाची कपबशी मात्र गेली.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी, दुपारी ३
सापडलं!
शाळेच्या वाचनालयात अमेरिकेचं मासिक येतं. सॅन फ्रान्सिस्को शहरात विजेवर चालणारी रेल्वे करणार आहेत. पंचाहत्तर मैल. खाडीच्या तळातून बोगदा. तीन जिल्हे एकत्र. वॉशिंग्टनलाही आराखडा तयार आहे. आणि हे सगळं राजानं किंवा मंत्र्यानं ठरवलं नाही. लोकांना विचारलं. गेल्या नोव्हेंबरात मतदान झालं. शंभरात साठ मतं लागत होती, एकसष्ट पडली.
तीन वेळा वाचलं. मग पान फाडून घेतलं. गुरुजी पाहत होते, पण माझा चेहरा पाहून त्यांनी मान वर्तमानपत्रात घातली.
मुलगी रेल्वेच्या गावी द्यायची तर मार्ग दोनच. मुलीला रेल्वेकडे न्यायचं, नाहीतर रेल्वेला मुलीकडे आणायचं. पहिला मार्ग कुणीही धरील.

बुधवार, १३ फेब्रुवारी
आराखडा पुरा. येडशी ते येरमाळा, स्टेशनं पाच. शेवटचं स्टेशन ‘पोस्ट ऑफिस (मेन)’, नारायणरावांच्या दाराच्या बरोबर समोर. पुढच्या टप्प्यात कळंब, त्याच्या पुढच्या टप्प्यात बघू. सॅन फ्रान्सिस्कोनंही पुढचं पुढं ठेवलंय.
तात्यांनी नकाशा पाहिला. मधला रामलिंगाचा डोंगर कुठं गेला म्हणाले. मी म्हटलं ते खाडीखालून नेतात. तात्यांनी नकाशाची घडी घातली. मग कळंबला मामलेदार कचेरीत उमेदवार कारकुनाची जागा निघाली आहे म्हणाले. तात्यांनी, म्हणजे विष्णुपंत कुलकर्ण्यांनी, आयुष्यभर कारकुनी केली, त्यांना दुसरं काय सुचणार.

मंगळवार, १९ फेब्रुवारी
नकाशाची चांगली प्रत हवी होती. अक्षर चारुशीलेचं चांगलं. नारायणरावांच्या हातून कागद आत पाठवला. आज प्रत आली. सुंदर. डोंगर तिनं पुन्हा जागेवर काढलाय, ती तिची चूक. बरोबर पेन्सिलीनं एक ओळ होती, इतक्या स्टेशनांवर उतरणार कोण?
पहिलं पत्र. जपून ठेवलं.

शनिवार, २ मार्च
सह्यांची मोहीम. गावात मतदार तीनशे चाळीस धरले. घरोघर फिरलो. बसस्टँडजवळ चहाचं हॉटेल चालवणाऱ्या द्वारकाबाईंनी अंगठा दिला, आणि गाडीतून उतरून माणसं चहाला हिकडंच येतील न्हवं, एवढं विचारून घेतलं. मी लेखी देतो म्हणालो.
बलभीमनं त्रास दिला. लाईन त्याच्या शेताच्या बांधावरून जाते. गाडी माझ्या हिरीपाशी थांबंल का, म्हणाला. मी म्हटलं, ही जलद रेल्वे आहे, विहिरीपाशी थांबणार नाही. मग सही न्हाय. शब्द वाढला. माझी टोपी विहिरीत.
सॅन फ्रान्सिस्कोलाही दोन जिल्हे ऐनवेळी बाहेर पडले होते. लाईन थांबली नाही.

सोमवार, ४ मार्च
दोनशे अकरा सह्या. शंभरात बासष्ट. सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा एक जास्त!
चारुशीलेची घेतली नाही. तिचं मत धरलेलंच आहे.
अर्ज रेल्वेकडे कुर्डुवाडीला रजिस्टर केला. नारायणराव बाहेर गेले होते, खिडकीशी ती होती. तीन वर्षांत पहिल्यांदा मधे पडदा नाही. तिनं शिक्का मारला आणि खाली बघून म्हणाली, “माझा फोटो उद्याच्या टपालानं जाणार आहे. बार्शीच्या स्थळाला.”
मी तिला समजावून सांगितलं की उद्याचं टपाल साडेदहाच्या एस.टी.नं जातं, आपली रेल्वे झाली की तेच सकाळी सातला जाईल.
तिनं शिक्का पुन्हा मारला. जरा जोरात. कामात तिचं मन फार लागतं.

मंगळवार, ५ मार्च, पहाटे ४
झोप नाही. ती फोटोचं मला का सांगत होती?
टपालाच्या वेळेबद्दलच असणार.

सोमवार, १८ मार्च
बार्शीचं स्थळ फिसकटलं. मुलगा बार्शीचा, पण घर स्टेशनपासून लांब होतं म्हणून नारायणरावांनीच नाही कळवलं. तत्त्वाचा माणूस. पण आता ते रोज नकाशावर बोट फिरवत बसतात. बोट मिरजेपर्यंत गेलंय. वेळ फार थोडा आहे.
कुर्डुवाडीहून उत्तर नाही. रोज दोनदा पोस्टात जातो. नारायणराव म्हणाले, अंबादास, टपाल दिवसातून एकदाच येतं. मी म्हटलं, हाच तर प्रश्न आहे.

सोमवार, २५ मार्च
कार्ड आलं!! नारायणरावांनी वाचून दाखवलं, मग मला दिलं. एक इन्स्पेक्टर येडशीला रुळांच्या कामासाठी येणार आहेत, तेव्हा येरमाळ्याला येऊन पाहणी करतील. सोयीचा दिवस कळवावा.
डोकं चालवलं. दहा एप्रिल कळवला. तेव्हा येडेश्वरीची चैत्री जत्रा. लाखभर माणूस. इन्स्पेक्टरला गर्दीच दाखवायची. सॅन फ्रान्सिस्कोनंही आधी माणसं मोजली.
त्यांच्या जेवणाची सोय मीच नारायणरावांकडे लावून दिली. सरकारी माणूस सरकारी माणसाकडे बरा. शिवाय नकाशा समजावून द्यायला चारुशीला आहेच.

गुरुवार, ४ एप्रिल
लाईनची आखणी. खुंट्यांना लाकूड नाही, तात्यांनी कुऱ्हाड लपवून ठेवली. पण गावाच्या अंगाला आमराईकडं चुनखडी पाहिजे तेवढी. पांढरेशुभ्र खडे, लांबून दिसतात. दर पाच पावलांवर एक. पोस्टापासून आमराईपर्यंत मैलभर, चारशे अकरा खडे. स्टेशनच्या जागी मोठे. ‘पोस्ट ऑफिस (मेन)’ला नारळाएवढा.
पाठ मोडली. पण टेकडीवरून पाहिलं आणि डोळे भरून आले. दोरी लावल्यासारखी सरळ.
आई म्हणाली, अरे चुनखडी काय मांडायलास, पुनव झाली की दुसऱ्या दिवशी... मी म्हटलं, आई, मला तिथ्या सांगू नकोस. माझ्या डायरीत तिथ्या नाहीत.

मंगळवार, ९ एप्रिल
गाव भरलं. बैलगाड्या मैलभर. रात्रभर संबळ चालणार. मला झोप नकोच आहे. उद्या इन्स्पेक्टरसमोर बोलायचं पाठ केलं. चारुशीलेला उद्या संध्याकाळीच विचारायचं. आता मंजुरी हातात आल्यावर विचारणं शोभून दिसेल.

बुधवार, १० एप्रिल, सकाळी ६
सगळे खडे जागेवर. मोजून आलो.

त्याच दिवशी, सकाळी ९॥
इन्स्पेक्टर आले. वय सव्वीस-सत्तावीस. बूट चकचकीत. बरोबर त्यांची आई, देवीच्या दर्शनाला. पाहणीच्या कामात आईचं काय काम? इन्स्पेक्टरचं नाव या डायरीत लिहिणार नाही, उगाच पान खराब.
नारायणरावांकडे पोहे झाले. नकाशा चारुशीलेनं समजावला. त्यांनी विचारलं डोंगर कुणी काढला, तर ती मी म्हणाली. ते म्हणाले, हा एवढा बरोबर आहे. ती हसली. मी घाई केली. उन्हं चढायच्या आत लाईन बघू म्हटलं.

त्याच दिवशी, दुपारी. आंब्याच्या झाडाखाली, बलभीमच्या ताब्यात
लिहायलाच हवं म्हणून लिहितो.
पोस्टाबाहेर पडलो तेव्हा देवीची पालखी डोंगरावरून उतरून आमराईला निघाली होती. तिच्या आजूबाजूला सगळं रान वाकलेलं. बाया, बापये, म्हातारी माणसं, सगळी खाली वाकून खडे वेचत होती.
पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पालखीबरोबर चुनखडी वेचायची, ढिगावर नेऊन टाकायची, देवीचं देऊळ त्या चुन्यानं रंगवायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पाचव्या वर्षी आईच्या कडेवरून मीसुद्धा खडा टाकलाय. पण ते तिथीनं असतं.
द्वारकाबाईंचा पदर भरला होता. मला बघून म्हणाल्या, “औंदा देवीनंच रांगंत मांडून ठिवलंय बघ लेकरा. वाकत वाकत जायाचं, हुडकायची गरजच न्हाय.”
मी म्हटलं ते खाली ठेवा, ते तिसरं स्टेशन आहे. त्या म्हणाल्या, ठिवते की, ढिगावर.
मग मला राग आला. किती जणांच्या पदरातून ओढून घेतले ते आठवत नाही. कुणी तरी म्हणालं, देवीचा चुना चोरायलाय, धरा. धरलं. बलभीम मधे पडला. त्यानं सांगितलं, मारू नका, इष्णुपंताचं पोरगं हाय, डोक्यात रेल्वे गेलीया त्याच्या. मला इथं आणून बसवलं. पालखी परत जाईपर्यंत उठू देणार नाही म्हणतो. वर पेरू दिला. खाल्ला नाही. नंतर खाल्ला.
इथून दिसतं. लाईन नाही. एकसुद्धा खडा नाही. इन्स्पेक्टर, त्यांची आई, नारायणराव आणि चारुशीला रांगेत खडे वेचत चालले होते. नारळाएवढा खडा इन्स्पेक्टरनं उचलला. जड होता. चारुशीलेनं दुसऱ्या बाजूनं हात लावला.

शुक्रवार, १२ एप्रिल
पाहणीचा निकाल यायचाय. वॉशिंग्टनचाही अजून लागला नाही. धीर.
इन्स्पेक्टरची आई अजून पोस्टमास्तरांकडेच मुक्कामाला. पाय दुखतात म्हणे.

गुरुवार, १८ एप्रिल
पोस्टात गेलो. नारायणरावांचं बोट कुर्डुवाडीवर टेकलेलं. तिथं लाल रेघा चारी बाजूंनी येऊन मिळतात. इन्स्पेक्टरला स्टेशनसमोर क्वार्टर आहे. गाडीची शिटी घरात ऐकू येते, हे नारायणरावांनी मला दोनदा सांगितलं. आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तू अर्ज केला नसतास तर हे स्थळ आमच्या दाराशी आलं असतं का रे?”
त्यांचे डोळे ओले होते. मला राग यायला हवा होता. तो नेमका आला नाही.

सोमवार, २९ एप्रिल
रेल्वेचं उत्तर. मार्गाची कोणतीही खूण जागेवर आढळली नाही. गर्दी वर्षातून एकदा होते व त्या दिवशी लोक चालत जाणेच पसंत करतात. सबब अर्ज निकाली. खाली सही. ती कुणाची ते लिहिणार नाही.
तात्या म्हणाले, कळंबची जागा अजून भरली नाही. मी काही बोललो नाही. तात्यांना तो होकार वाटला.

शुक्रवार, १७ मे, येडशी स्टेशन, प्लॅटफॉर्म
काल लग्न झालं. मी वाढप केलं. आज वऱ्हाडाला येडशीपर्यंत पोहोचवायची जबाबदारी माझ्यावर. एस.टी.नं बारा मैलांना पाऊण तास लागला. डोंगर रस्त्यातच आहे, वळसा घालून येतात.
ट्रंका मोजून डब्यात चढवल्या. नारायणराव इंजिनाजवळ उभे राहून ते कसं वाफ सोडतं ते नीलाला दाखवत होते. चारुशीला खिडकीशी. तिनं पिशवीतून घडी काढून मला दिली. नकाशा होता, माझा मूळचा, डोंगर नसलेला. आणि हळू म्हणाली, “गावातल्या दोनशे अकरा लोकांना विचारलंत तुम्ही. मी बाराशे पावलांवर राहत होते.”
मी म्हटलं, तुमचं मत मी धरलेलंच होतं.
ती म्हणाली, “मला ते कळायला नको होतं का?”
मग गाडी हलली. छोटी गाडी, सावकाश जाते. बरोबर चालत गेलो तरी चाललं असतं. मी ट्रंकांची यादी धरून उभा होतो.

त्याच दिवशी, दुपारी. परतीच्या एस.टी.ची वाट बघत
हिशेब करून पाहिला. फेब्रुवारीतले निश्चय तीन. आज पहाटे पाचला उठलो, वऱ्हाडाची एस.टी. साडेपाचची होती. राग दिवसभर आवरला. म्हणजे तीनपैकी दोन पार पडले.
शंभरात सहासष्ट. सॅन फ्रान्सिस्कोला एकसष्टच पडली होती.