आईने मोजलेले थेंब

१४ नोव्हेंबर

प्रिय ढब्ब्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. दुकान नव्या जागी हलवलं. चष्म्याच्या काचा घासायचं यंत्र मात्र तेच, आवाज माझ्यापेक्षा मोठा. हसलास ना? मग पुढचं वाच, पत्र टाकून देऊ नकोस.

माझा मूतखडा तुला ठाऊकच आहे. मध्यंतरी हाडं दुखतात म्हणून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या, तर भलतंच सुरू झालं. सारखी तहान, उलट्या. रक्तात कॅल्शियम फार वाढलेलं निघालं. डॉक्टरबाईंनी मुळाशी जाऊन तपासलं. शरीरात काही एन्झाइमं हे जीवनसत्त्व कामाला लावतात आणि एक एन्झाइम जास्तीचं मोडून टाकतं. ते मोडणारंच माझ्यात जन्मापासून काम करत नाही. मोरी तुंबलेली असली की नळ बारीक सोडला तरी पाणी साचतंच, तसं.

हे भावंडांतही असू शकतं. तुझ्याही कुशीत कळ येते. रक्त तपासून घे, तुझ्या छोटीबद्दलही डॉक्टरांना विचार. तोवर त्या गोळ्यांना हात लावायचा नाही. हा सल्ला नाही, दटावणी आहे.

आता जे लिहायचं टाळत होते ते. आपली धाकटी बहीण, चिमी. तीही अशाच उलट्या करत सुकत गेली आणि पाळण्यातच संपली. "आईनेच थेंब जास्त पाजले," असं आत्या म्हणाली आणि तेच घरात खरं ठरलं. मी पाहिलंय रे, आई खिडकीशी उभी राहून ओठ हलवत त्याच ड जीवनसत्त्वाचे थेंब मोजायची. डॉक्टरबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "सगळ्या बाळांना देतात तेवढेच होते ते. तिलाही हेच असावं. आता छातीठोक सांगता येणार नाही, पण आईचं काही चुकलं नाही."

तुझी लेक झाली तेव्हा तू आईला म्हणालास, "हिला हात लावू नकोस." तिने नाही लावला. छोटी आता घरभर पळते आणि आई तिला फोटोत बघते. मला तुझा फार राग आला होता. तू घाबरला होतास, हेही कळत होतं.

काल आईला सारं सांगितलं. वाटलं, रडेल. तिने एवढंच विचारलं, "ढब्ब्याच्या कुशीत अजून कळ येते का गं?"

मग तळहातांकडे बघत म्हणाली, "आता घेऊ का छोटीला?"

मी म्हटलं, त्यालाच विचारते.

उत्तर लिहू नकोस. छोटीला घेऊन ये.

आईशेजारी बसून लिहिणारी,
तुझी ताई