कंपनीचा गूळ

अहो,

कुकरमध्ये पेज आहे, उठल्यावर गरम करून घ्या. तुमचे कामाचे बूट मी लपवलेत, शोधू नका. आज वेल्डिंगला जायचं नाही.

अंबरनाथला तुमच्या कंपनीत मी चाललेय. सुट्टीला बरे असता आणि परत कामावर गेलात की त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप, हे मी कधीपासून बघतेय. आता डॉक्टर छातीचा फोटो बघून सांगतात, फुप्फुसात वेल्डिंगचा धूर बसलाय. आणि तुमचा सुपरवायझर म्हणतो, विडीमुळे! विडी कधी हातात तरी धरलीत का?

शेडमधला धूर ओढणारा पंखा बंद पडलाय. तो दुरुस्त करायचं सोडून रोज गुळाचा खडा देतात, म्हणे त्याने छाती साफ होते. तुम्ही तो न खाता धाकटीसाठी खिशातून घरी आणता. डबा काठोकाठ भरलाय.

तोच डबा घेऊन निघालेय. साहेबाला सांगणार, आधी हा गूळ तुम्ही खा आणि मग त्या धुरात उभे राहून दाखवा. नोकरी गेली तर गेली.

चहात साखर घाला. तो गूळ आता या घरात यायचा नाही.

विशाखा