सोमवारी उघडं दुकान

६ जानेवारी, मंगळवार
पालिकेच्या खिडकीवर गेलो, दोघंही. वसईतल्या सलूनचा परवाना अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि त्यांना जाऊन चार वर्षं. खिडकीतली मुलगी समजूतदार. "काकी, नवा अर्ज करा. गाळ्याच्या मालकाची ना हरकत, मराठी पाटीसकट दुकानाचा फोटो. मग साहेब पाहणीला येतील. नाव कोणाचं लिहू?"
मी ह्यांच्याकडे बघितलं. उजवा हात खिशात. कंप सुटला की तिथंच लपवतात.
"हिचं लिहा," म्हणाले. "वस्तरा हिच्या हातात, तर नावही हिचंच."
फुलपाड्याला घरी येईपर्यंत बसमध्ये अर्ज दोनदा वाचला.

८ जाने., गुरु.
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ह्यांनी फुगा फुगवला, फेस फासला. "चल." सासऱ्यांनी ह्यांना असंच शिकवलं होतं. वर्षभर दाढ्या करतेय, तरी परीक्षा! फुगा शाबूत राहिला. "गिऱ्हाईक एवढं गप्प बसत नाही, लक्षात ठेव," म्हणाले आणि हसले. किती दिवसांनी.
जुनी दोन-तीन माणसं अजून माझ्यासमोर मान मागे टाकत नाहीत. केस कापून जातात. राग नाही येत. गळा पुढे करायचा म्हणजे सोपं नाही.

९ जाने., शुक्र.
वसईजवळच्या होळी गावात, फिलूमावशींकडे. गाळा त्यांचा. केळींना पाणी सोडत होत्या. ओला हात लुगड्याला पुसला, कागद भिंतीला टेकवला, सही केली. मग म्हणाल्या, "बाय, एकोणीसला नातवाचं लगीन. तुझ्या सासऱ्यानं माझ्या नवऱ्याची दाढी केली मांडवात, तुझ्या नवऱ्यानं माझ्या पोराची. आता?"
"मावशी, ह्यांचा हात..."
"हात मला ठाऊक हाय. मी तुमच्या घराला सांगते, हाताला नाय."
तशीच पालिकेत. अर्ज दिला. पाहणी बारा तारखेला.

१२ जाने., सोम.
साहेब आले आणि शटर बंद.
शेजारच्या चष्मेवाल्याचा फोन: "वहिनी, कोणीतरी फाइल घेऊन उभे आहेत." फुलपाड्याहून पोहोचेपर्यंत गेलेसुद्धा. 'बारा तारीख' ऐकून मी मान डोलावली, घरी ह्यांना सांगितलं, ह्यांनीही डोलावली. सोमवार आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! सोमवारी न्हावी दुकान उघडत नाही. खुर्चीवर चादर, वस्तरा पेटीत. सोमवारी दुकानात काही घडू शकतं, हेच आम्हाला सुचत नाही. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

१३ जाने., मंगळ.
पुन्हा खिडकी. "काकी, 'बंद आढळले' असा शेरा पडलाय. अजून एकच फेरी मिळेल. पुन्हा बंद असलं तर अर्ज गेला."
तारीख एकोणीस. त्या रस्त्याची फेरी सोमवारीच असते. सकाळी. मांडवही सकाळीच.
हे म्हणाले, "मावशींना नाही म्हणून सांग."
मी म्हटलं, "परवान्याचं राहू दे."
दोघंही खोटं बोलत होतो.

१७ जाने., शनि.
हे डाव्या हातानं आरसा पुसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारी मी उघडतो."
"तुम्ही? सोमवारी?"
"शटर उघडतो. वस्तऱ्याला हात लावणार नाही. तू मांडवात जा. मांडवाला वार नसतो, बाबा म्हणायचे."
"साहेबांनी हात बघितला तर?"
"खिशात ठेवीन."
मी म्हटलं, "नका ठेवू."

१९ जाने., सोम.
बँड, माणसं, मधोमध खुर्चीत नवरा मुलगा. माझी पेटी बघून कुणीतरी म्हणालं, "अरे, बाई?" दुसरा ओरडला, "जोसू, गळा सांभाळ रे! लग्नाआधीच बाईच्या हातात गेला!" सगळे हसले. जोसूचे कान लाल.
"गप ऱ्हा रे," फिलूमावशी. "घर तेच हाय."
जोसूनं डोळे मिटले. मान मागे टाकली. पूर्ण. नंतर बँड वाजत होता की थांबला होता, आठवत नाही. मावशींनी त्याच्या गालावरून बोटं फिरवली, नारळ आणि नवा टॉवेल माझ्या हातात दिला.
धावत दुकानात. शटर वर. खुर्चीवर सोमवारची चादर तशीच. हे गिऱ्हाइकांच्या बाकावर बसलेले. उजवा हात मांडीवर, उघडा, थरथरत.
"आले होते?"
"आले. बेसिन बघितलं, नवी पाती बघितली, पाटी वाचली. मालक कुठंय विचारलं. म्हटलं, मालकीण कामावर गेलीय."
"मग?"
"मालक हजर नाही, असं लिहिलं असणार. वर विचारून कळवतो म्हणाले."
मी शेजारी बसले. कळवतील. हो की नाही, कोण जाणे. ह्यांनी गाल खाजवला. दाढी वाढलीय खरी.
"करू?"
"आज? सोमवारी?" केवढे दचकले! मग डाव्या हातानं किल्ली माझ्या मांडीवर ठेवली. "उद्या किती वाजता उघडणार, मालकीणबाई? पहिलं गिऱ्हाईक मी."