तर्कशास्त्राच्या सक्तीच्या पेपराची अट

मी, मथुराबाई यशवंत मोहोळकर, वय अठ्ठावन्न, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार सात रस्ता, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. गुडघे गेले आहेत, बुद्धी जागेवर आहे. कोणाचा दाब नाही. माझ्यावर दाब आणणारे केव्हाच थकले.

१. भांडीकुंडी, शिवणयंत्र आणि दुभती म्हैस बजाबाईस. तिने इतकी वर्षे माझा स्वयंपाक केला आणि माझा स्वभाव सोसला. म्हैस "सांभाळायला" म्हणून कोणी नेऊ नये.

२. पुस्तके मुलींच्या शाळेस. कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे देऊ नये. त्यांनी नेलेले पुस्तक परत आल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

३. राहते घर माझी भाची हेमावती हिला. अट एकच: पुण्याच्या कॉलेजातल्या सक्तीच्या तर्कशास्त्राच्या पेपरात तिने पास व्हावे. न झाल्यास घरही शाळेस. ती एकदा नापास झाली आहे आणि लिहिते, "आत्या, मला संस्कृत शिकायचंय. हे तर्कशास्त्र माझ्या काय कामाचं? मी कॉलेज सोडते." तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ महिपती, "सोड" म्हणतात.

मलाही तो विषय नको होता. मला इतिहास हवा होता. सक्ती होती म्हणून बाकावर बसले. एकापाठोपाठ दुसरे घडले, एवढ्यावरून पहिल्यामुळे दुसरे घडले असे ठरत नाही, हे तिथे शिकले.

पुढे प्लेग आला. सगळे माळावरच्या झोपड्यांत राहायला गेलो. मी लस टोचून घेतली. आईलाही टोचू म्हटले. महिपती म्हणाला, "अक्का, शेजारच्या निंगव्वानं टोचून घेतलं अन् आठवड्यात गेली. डोळ्यांनी बघितलंय की!"

"टोचलेले बाकीचे हिंडतायत, ते नाही दिसत? न टोचलेले किती गेले?"

आई म्हणाली, "तू शिकलीस बाई, पण घर त्याचं हाय."

आईला टोचले नाही. ती प्लेगने तिथेच झोपडीत वारली. महिपती म्हणाला, "तू टोचून आलीस अन् मागोमाग आई गेली. रोग तूच आणलास." पुन्हा तीच चूक. तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

महिपती मूर्ख नाही. ओव्हरसियरच्या वर्गात तो मोजणी आणि नकाशे शिकला. त्याचे पूल अजून उभे आहेत. त्याला कामापुरते शिकवले. तर्कशास्त्र त्याच्यावर कोणी लादले नाही. त्याचे दुःख मला आईच्या दुःखाइतकेच आहे.

४. महिपतीस काही ठेवत नाही. साक्षीदाराला वाटा नसावा असे वकील सांगतात, आणि साक्ष मला त्याचीच हवी आहे. बजाबाईला निरोप देऊन त्याच्याकडे पाठवले आहे.

सोलापूर, ता. १४ नोव्हेंबर १९३२
मथुराबाई यशवंत मोहोळकर

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली:

१. धोंडीराम गोविंद बार्शीकर, वकील

२. महिपती रामचंद्र पानगावकर
सर्व वाचून सही केली. निंगव्वाबाबत माझे मत कायम आहे. हेमावतीला परीक्षेस मी स्वतः पुण्याला पोचवीन.